कापशीचं दावं

पोलीस ठाणे सौंसर, जिल्हा पांढुर्णा, मध्य प्रदेश.

जबाब देणार: कवडू मोतीराम सोमकुवर, वय अठ्ठावन्न, धंदा गुरांची दलाली, राहणार लोधीखेडा, बुद्धविहाराच्या मागे.

जबाब लिहून घेणार: महिला हवालदार इंदू मॅडम.

जागा: ठाण्याच्या आवारातलं कडुलिंबाचं झाड, कारण गाय आत नेता येत नाही.

मी वर लिहिलेला इसम स्वतः चालत ठाण्यात आलो आहे. मला कोणी पकडून आणलं नाही, हे पहिले लिहा. विचारल्यावरून खरं ते सांगतो की,

ठाण्यातली लिखापढी करणारे मुन्शी कुलदीपजी माझा जबाब हिंदीत लिहिणार होते. मी म्हटलं, "साहेब, गाय मराठी, मालकीण मराठी, चूक झाली तेही मराठीत. हिंदीत लिहाल तं अर्धी चूक बाहेर राहून जाईल." ते हसले अन् त्यांनी इंदू मॅडमले बोलावलं. मॅडम शाळेतल्या मराठीत लिहून राहिल्या आहेत, म्हणून माझं बोलणं कुठं कुठं सुधारलेलं दिसेल. त्याले माझी हरकत नाही.

माझ्यावर अशी तक्रार आहे की, काल सौंसरच्या दूध-प्रदर्शनातून कुसुमबाई रघुनाथराव बोबडे, राहणार सौंसर, यांची कापशी नावाची गाय मी चोरून नेली. तक्रार त्यांच्या मुलानं, हेमंतनं दिली. हेमंत पांढुर्ण्याले मास्तर आहे. गुन्हा लिहायचा की नाही ते अजून ठरलं नाही, असं मला सांगण्यात आलं. लिहिला तं माझं काय होईल हे कोणी विचारलं नाही, पण मी सांगतो. दलालाले दुकान नसते, पाटी नसते. बाजारात लोक माझ्या हातात जनावर देतात ते फक्त माझ्या नावावर. एकदा चोर म्हटलं की माझ्या हातात कोणी कोंबडीसुद्धा देणार नाही. माझा बापही याच धंद्यात होता अन् त्याचं नाव मी अजून खराब होऊ दिलं नाही. तेवढं वाचलं पाहिजे, बाकी तुम्ही काय करायचं ते करा.

प्रदर्शन कापसाच्या जिनिंगच्या मागच्या मैदानात भरलं होतं. मोठा मंडप, पांढुर्ण्याहून आलेले साहेब लोक, अन् माईकवाला सकाळपासून एकच सांगून राहिला होता की आपल्या देशात दुधाचा धंदा वाढून राहिला आहे अन् आपण मागं राहू नये. खोटं नाही सांगत होता. दूध काढायच्या मशिनी होत्या, दूध थंड ठेवायच्या टाक्या होत्या, मूरघासाच्या पिशव्या होत्या, गाईच्या कानात लावायचे बिल्ले होते. गाईनं बसावं म्हणून रबराची गादी होती. मी त्या गादीवर हात दाबून पाहिला. माझ्या घरी माझ्यासाठीही इतकी नरम गादी नाही. मशीनवाला रबराच्या सडातून पाणी काढून दाखवून राहिला होता अन् लोक तोंड उघडं टाकून पाहून राहिले होते. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "हे लाथ मारते काय?" सगळे हसले. मला प्रदर्शन आवडलं, हे मी खुल्या मनानं सांगतो. दहा वर्षांपूर्वी असं काही भरलं असतं तं या भागातली कितीतरी चांगली जनावरं बाहेर गेली नसती.

मंडपाच्या एका बाजूला देशी गाईंची रांग होती. कापशी तिथं बांधली होती. ती गवळाऊ जातीची, पांढरी, फुटलेल्या बोंडासारखी, म्हणून कापशी. तिच्या आईले मीच आर्वीच्या बाजारातून आणून रघुनाथरावांना दिली होती. रघुनाथराव म्हणजे कुसुमबाईंचे मालक. ते आता नाहीत. अशी गाय आता पाहायले मिळत नाही. नागपूरकडचा एक डेअरीवाला देशी गाई जमवून राहिला आहे, त्याले मी कापशीबद्दल सांगून ठेवलं होतं. मागच्या वर्षी मी कुसुमबाईंकडे जाऊन आलो. त्यांनी चहा पाजला अन् म्हणाल्या, "कवडू, ज्या दिवशी मी तिचं दावं सोडीन ना, त्या दिवशी समजून जा. तोवर चहा पी अन् जाय." मी चहा पिऊन गेलो.

आता दाव्याचं सांगतो, कारण सगळी गडबड तिथंच झाली. मॅडम शहरातल्या आहेत, त्यांनी दोनदा विचारलं. आमच्याकडे जनावर विकलं की विकणारा स्वतःचं दावं सोडून घरी ठेवतो. घेणाऱ्यानं नवं दावं आणायचं. गाय गेली तरी कोठ्यातली, म्हणजे गोठ्यातली, बरकत त्या दाव्यासंगं घरी राहते, असं लोक मानतात. मी मानतो की नाही ते लिहू नका. पाळतो मात्र. म्हणून दलालाच्या खांद्यावर नवं दावं असतेच. मालक विचारात असला की ते दावं खुंट्यापाशी ठेवून यायचं. त्यानं उचलून परत दिलं तं सौदा नाही. जनावराले बांधलं तं झाला. तोंडानं कोणी काही बोलत नाही. अन् जुनं दावं मालकाच्या हातात आलं की दलालानं तोंड बंद ठेवायचं. त्या वेळेस बाया रडतात. माणसंही रडतात, मी पाहिले आहेत. तिथं उभं राहून "काकू, पैसे कसे देऊ" असं विचारणारा माणूस नाही, कसाई. पैशाचं दुसऱ्या दिवशी घरी जाऊन. जनावर चुपचाप काढायचं, पाठ फिरवायची, चालू लागायचं. हे माझ्या बापानं शिकवलं. आजवर इतकी जनावरं नेली, पण कोणाचं जुनं दावं माझ्या हातात आलं नाही. ते आमच्यासाठी नसतेच.

काल सकाळी मी कुसुमबाईंना भेटलो. म्हटलं, "काकू, पाहा एकदा विचार करून." अन् माझं हिरवं नायलॉनचं दावं खुंट्यापाशी ठेवलं. त्या म्हणाल्या, "तू थकत नाही काय रे कवडू?" तेवढ्यात कोणी नाव लिहायले आलं अन् त्या तिकडे वळल्या. दावं तिथंच राहिलं. त्यांनी परत दिलं नाही म्हणून मला आशा लागली. खोटं कशाले बोलू?

दुपारी जेवणानंतर मी ढेपेच्या, म्हणजे पेंडीच्या, स्टॉलवर चहा पिऊन राहिलो होतो. माझ्या अन् कापशीच्या मधात मशीनवाल्याची गर्दी होती. गर्दी हटली तं पाहतो काय, कापशीच्या गळ्यात माझं हिरवं दावं. अन् जुनं दावं कुसुमबाईंच्या हातात. ते दावं मी कुठंही ओळखीन. रघुनाथरावांनी अंबाडीचं स्वतः वळलेलं, अन् त्यात कुसुमबाईंच्या जुन्या लुगड्याचा लाल काठ घातलेला. तेच आधी कापशीच्या आईच्या गळ्यात होतं. कुसुमबाईंनी ते डोळ्याले लावलं होतं अन् त्या रडून राहिल्या होत्या. मग त्यांची सून शिवानी आली अन् त्यांचा हात धरून त्यांना स्टेजकडे घेऊन गेली.

यात समजायचं काय बाकी राहिलं, ते मला कोणी सांगावं. नवं दावं बांधलेलं, जुनं हातात, डोळ्यात पाणी. माझ्या धंद्यात याच्यापेक्षा पक्का सौदा नसते. मी कप ठेवला, कापशीच्या पाठीवर हात ठेवला अन् खुंट्यावरून तिले सोडलं. गेटवरच्या माणसानं विचारलं. मी म्हटलं, "बोबडे काकूंची गाय, आता घेतली." त्यानं रस्ता दिला. चोर गेटवर मालकाचं नाव सांगून जाते काय? हा माझा प्रश्न आहे अन् तो जबाबात लिहावा.

मी तिले पायीच नेली. गाडीत चढवली की गवळाऊ बिचकते. सौंसर ते लोधीखेडा आम्ही सावलीसावलीनं गेलो. रस्त्यात संत्र्याच्या बागेपाशी तिले पाणी पाजलं. दोन वेळा ती थांबली अन् मागं वळून हंबरली. मला वाटलं, नवीन माणूस आहे, हंबरेलच. काकूंच्या घरी तिचं वासरू बांधलेलं आहे हे मला माहीत होतं. ते दुसऱ्या दिवशी पैसे द्यायले जाईन तेव्हा आणायचं, असं मी मनात ठरवलं होतं.

घरी पोचलो तेव्हा अंगणात माझा मुलगा आशिष मोबाईल घेऊन उभा होता. म्हणाला, "बाबा, तुमी व्हायरल झाले."

म्हटलं, "काय झालो?"

त्यानं दाखवलं. मी कापशीले घेऊन गेटमधून निघालो त्याचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, गाय चोर, ओळखत असाल तं पोलिसांना कळवा. मी माझाच फोटो पाहून राहिलो होतो. फोटोत मी हसून राहिलो होतो. तीन वर्षांपासून जी गाय पाहिजे होती ती मिळाली, म्हणून हसून राहिलो होतो. आता त्या हसण्याचं मला इतकं वाईट वाटून राहिलं आहे की सांगता येत नाही.

मी हेमंतले फोन लावला. तो मास्तर माणूस, बोलायले जागाच देत नाही. "जे बोलायचं ते ठाण्यात बोला," म्हणाला अन् ठेवून दिला. माझी बायको शकुंतला बाहेर आली. तिनं पहिले गाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "विचारलं होतं काय तुमी तोंडानं?" मी म्हटलं, "दाव्यानं विचारलं." ती म्हणाली, "दाव्याले तोंड असते काय?" मी गाईपुढं चारा टाकला. अंधार पडून राहिला होता, म्हणून गाय रस्त्यावर काढली नाही.

कापशीची कास दाटली होती. वासराशिवाय ती पान्हा सोडत नव्हती, पण तसंच ठेवलं तं कास दुखली असती. शकुंतलानं तिच्या पाठीवरून हात फिरवत, काहीबाही बोलत थोडं थोडं दूध काढलं. ते बरणीत भरून झाकण लावून ठेवलं. सकाळी आमच्या घरी काळा चहा झाला. ते दूध कुसुमबाईंचं आहे. बरणी आत टेबलावर ठेवली आहे. कुलदीपजींनी विचारलं की हे जप्तीत दाखवायचं काय. मी म्हटलं, दाखवा, पण लवकर दाखवा, नाही तं फाटेल.

सकाळी उजाडल्यावर मी कापशीले घेऊन निघालो. रस्त्यात घरून फोन आला की सरळ बोबड्यांच्या कोठ्यात बांधून चुपचाप परत ये, असं एकदोघांचं म्हणणं आहे. मी ऐकलं नाही. चुपचाप नेली म्हणूनच तं हे झालं. परत आणायची तं सगळ्यांच्या समोर. म्हणून ठाण्यात आणली अन् या झाडाले बांधली.

इथपर्यंत जबाब झाला तेवढ्यात कुसुमबाई, हेमंत अन् शिवानी ठाण्यात आले. त्यांच्यासंगं पशुखाद्याच्या कंपनीतल्या केतकी मॅडम होत्या. देशी गाईंची रांग त्यांच्याकडे होती. कापशीनं कुसुमबाईंना पाहिलं अन् अशी हंबरली की आतले लोक बाहेर आले.

हेमंत माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हाच. मॅडम, कॅमेऱ्यात साफ दिसून राहिलं आहे."

मी म्हटलं, "मास्तर, मी कधी म्हटलं की मी नाही?"

इंदू मॅडमनी केतकी मॅडमले विचारलं की दावं कोणी बदललं. त्या पोरीनं लगेच सांगितलं, "मी बदललं. निवड करणारे येणार होते. गाईचं दावं फार जुनं अन् मळलेलं दिसत होतं, अन् तिथंच नवीन पडलं होतं. मला वाटलं आजींनीच आणलं असेल. जुनं मी नंतर आजींच्या हातात दिलं. मला काहीच माहीत नव्हतं." त्यांचा चेहरा रडवेला झाला. त्यांचा दोष नाही. हे मी माझ्याकडून सांगतो. त्या पुण्याकडच्या आहेत, त्यांना दावं म्हणजे दोर. कोणी सांगितलं नाही तं कसं समजणार?

कुलदीपजी कुसुमबाईंना म्हणाले, "माताजी, बताइए, चोरी लिखें या नहीं?"

 कुसुमबाईंनी पहिले गाईच्या मानेवरून हात फिरवला.  मग त्या माझ्याकडे वळल्या.

"कवडू, मले न विचारता नेली तू?"

मी म्हटलं, "काकू, दावं तुमच्या हातात होतं. अन् तुमी रडून राहिल्या होत्या. अशा वेळेस कोणी विचारत नाही."

"मी काहून रडून राहिली होती, ते तरी विचारायचं होतं."

मी म्हटलं, "आता विचारतो, काकू."

त्या म्हणाल्या, "गाय मी यांच्याच नावावर लिहिली होती. माईकवाल्यानं नाव घेतलं. रघुनाथराव बोबडे यांची गाय, पहिला नंबर. ते गेल्यापासून त्यांचं पूर्ण नाव इतक्या मोठ्यानं कोणी घेतलं नव्हतं रे. अन् त्याच वेळेस त्या पोरीनं त्यांच्या हातचं दावं माझ्या हातात दिलं. मंग रडू नाही तं काय करू?"

हेमंतनं खाली पाहिलं. शिवानीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला इतकी लाज वाटली की मी कापशीच्या मागं जाऊन उभा राहिलो. नंबराचं मला माहीतच नव्हतं. माईक मीही ऐकला असेल, पण माझं सगळं ध्यान दाव्याकडे होतं. मी कुसुमबाईंची माफी मागितली अन् बरणीतल्या दुधाचंही सांगितलं. इंदू मॅडमनी विचारलं की हे लिहू काय. लिहा म्हटलं.

मग कुसुमबाईंनी कापशीच्या गळ्यातलं हिरवं दावं सोडलं अन् माझ्या खांद्यावर टाकलं. म्हणाल्या, "हे तुझं." अन् त्यांच्या पिशवीतून ते जुनं दावं काढलं. त्यांनी गाठ मारायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या बोटांना वाताचा त्रास आहे, गाठ बसत नव्हती. हेमंत पुढं झाला. त्याले त्यांनी थांबवलं. ते दावं त्यांनी माझ्यापुढं धरलं.

"बांध."

मी हात मागं घेतला. म्हटलं, "काकू, मी दलाल आहे. मालकाचं दावं आमच्या हातात येत नसते."

"मले शिकवू नोको. विकणाऱ्याचं दावं विकणाऱ्याच्या घरी राहते, मलेही माहीत आहे. पण मी विकून राहिली काय? घरच्या गाईले घरचं माणूस दावं बांधते. बांध."

मी बांधलं. गाठ दोन वेळा मारली. अंबाडी जुनी झाली तरी मजबूत आहे. लाल काठ अजून तसाच आहे.

मग त्या कुलदीपजींना म्हणाल्या, "चोरी-बिरी काही लिहू नोका." अन् मला म्हणाल्या, "आता हिले घरी तूच ने. मागल्या गल्लीनं नोको. मेन रोडनं, बाजारातून ने. काल फोटो काढले त्यांनी आजही काढावे. वासरू सकाळपासून ओरडून राहिलं आहे, लवकर आटप. अन् ते बरणीतलं दूध आता काय बाजारात विकायचं? या ठाण्यातल्या लोकांचा चहा होऊ दे."

हेमंत म्हणाला की तो ग्रुपवर लिहून टाकतो. मी म्हटलं, "लिहा मास्तर, पण मी बाजारातून जाऊन आल्यावर लिहा." तो हसला. कालपासून पहिल्यांदा बोबड्यांच्या घरातलं कोणी माझ्याशी हसून बोललं.

कापशी या वर्षी विकत नाही, पुढल्या वर्षीही नाही, असं कुसुमबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं आहे. नागपूरच्या डेअरीवाल्याले मी आजच तसं कळवीन. देशात दुधाचा धंदा वाढून राहिला आहे, वाढू दे. एक गाय कमी पडली तरी त्याचं काही अडणार नाही. मी यानंतर दावं बदललेलं पाहिलं तरी तोंडानं विचारल्याशिवाय कोणाचं जनावर काढणार नाही. रडणाऱ्या माणसाले विचारणं जीवावर येते, तरी विचारीन.

हा जबाब इंदू मॅडमनी कडुलिंबाखाली उभं राहून मोठ्यानं वाचला. मी ऐकला, कुसुमबाईंनी ऐकला, कापशी तेवढ्यात दोन वेळा हंबरली. मी सांगितलं तसाच लिहिला आहे, त्यात कमी-जास्त नाही. मला सही करता येते. पण उजव्या हातात कापशीचं दावं आहे अन् ते मला खाली ठेवायचं नाही, म्हणून डाव्या हाताचा अंगठा लावून दिला आहे.